पायांना कळेल अशी फरशी

दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, "भाभी, अंगणाला कोणती फरशी चांगली?" मी उलट विचारते, "तुमच्या अंगणातलं पाणी कुठं जातं?" निम्मी माणसं इथंच गोंधळतात. काहींना तर रागच येतो. एकानं मला सुनावलं होतं की मी फरशी घ्यायला आलोय, पाण्याचं काय ते ग्रामपंचायतीत विचारीन. पुढच्याच पावसाळ्यात तो परत आला. तेव्हा त्याच्या ओट्याखालून पाणी थेट धान्याच्या खोलीत गेलं होतं. मी त्याला आत बसवलं. चहा दिला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

भूम तालुक्यातल्या ईट गावात आमचं हे दुकान आहे. दुकान म्हणायचं एवढंच, खरं तर तारेचं कुंपण घातलेलं आवार. एका बाजूला कर्नाटकातून ट्रकनं येणारी शहाबादी फरशी उभी रचलेली, दुसऱ्या बाजूला सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, ज्यांना आमच्याकडं गट्टू म्हणतात, आणि मागं खडीचे, मुरमाचे नि कचेचे ढीग. कच म्हणजे खडी फोडताना निघणारा दगडाचा बारीक चुरा. माझे मालक याकूब मिस्त्री फरशी बसवायचं काम करतात. सारं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. त्यांची कंबर धरायला लागली तेव्हा मी दुकानात बसायला लागले. सुरुवातीला लोक माझ्या डोक्यावरून मागं बघत विचारायचे, "मिस्त्री न्हायत का?" मी म्हणायची, "हायत की, पण फरशी मी दाखवते."

हे काम मी मिस्त्रींकडून शिकले तितकंच गिऱ्हाइकांच्या घरातल्या बायकांकडूनही शिकले. अंगण कुणाचं, असं विचारलं तर पुरुष पुढं होतो. पण पाणी कुठं साचतं, कुठं शेवाळ धरतं, धुण्याचं पाणी कुठून वळतं हे रोज झाडणाऱ्या बाईलाच नेमकं माहीत असतं. म्हणून कुणाच्या घरी अंगण बघायला गेले की मी आधी स्वयंपाकघरात जाते.

बाहेरच्यांना वाटतं, फरशी म्हणजे रंग, चकाकी आणि भाव. खरं काम त्याच्या खाली असतं. जमीन किती खणायची, तिच्यावर मुरूम किती टाकून चोपायचा, वर कच कशी पसरायची आणि ढाळ कुठं द्यायचा. ढाळ म्हणजे उतार. दहा फुटांना दीड इंच दिला तर डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला कळतो. सिमेंटचा कोबा केला तर एकही थेंब खाली जात नाही, सगळं पाणी कुठंतरी काढून द्यावं लागतं. गट्टू कचेवर बसवले तर सांध्यांतून थोडं पाणी मुरतं. शहाबादीची खरबरीत बाजू वर ठेवून सांधे उघडे सोडले तर तीही थोडं पाणी पिते. नुसता चोपलेला मुरूम आणि कच सगळ्यांत जास्त पितात, पण त्यावर धुणं धुता येत नाही. सगळ्या घरांना चालेल अशी एकच फरशी माझ्या तरी बघण्यात नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एका हौशी तरुणाला मालिकेतल्या बंगल्यासारखं पांढरंशुभ्र अंगण हवं होतं. त्याच्या घरी चार म्हशी होत्या. मी विचारलं, म्हशींना कुठून आत आणणार? तो बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि शेवटी काळी शहाबादी घेऊन गेला. वस्तीवरच्या एका धनगर बाईनं तर शेळ्यांच्या जागेसाठी फरशी मागितली, कारण तिच्या सुनेच्या माहेरी तशी होती. मी तिला फरशी विकलीच नाही. डबर, म्हणजे ओबडधोबड मोठे दगड, त्यावर मुरूम आणि एका कडेला नाली करायला सांगितली. आमचे मिस्त्री त्या दिवशी मला म्हणाले, "तू दुकान चालवतीस का बंद करतीस?" ती बाई मात्र पुढं पाव्हण्यारावळ्यांना आमच्याकडंच धाडत राहिली.

पण संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं पहिलं आलं ते गुरुजींचं अंगण.

गुरुजी म्हणजे गावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. आमचे मिस्त्री त्यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे गणितात मार खाल्लेले. गुरुजींना काचबिंदू झाला. उपचार केले, पण गेलेली नजर काही परत येत नसते. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही. उजेड आणि अंधार एवढं कळायचं. तरीही ते सकाळी उठून अंगणभर फिरायचे, सीताफळाच्या झाडाला पाणी घालायचे, फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आवाजावरून ओळखायचे. तेव्हा अंगण मातीचं होतं. त्यातला खड्डान् खड्डा त्यांच्या पायांना पाठ होता.

त्यांचा मुलगा नितीन पुण्याला कारखान्यात नोकरीला. चांगला पोरगा. वडलांच्या पायाला चिखल लागू नये, आईला सारवावं लागू नये म्हणून त्यानं बार्शीहून टाइल आणून अख्खं अंगण गुळगुळीत करून दिलं. दिसायला सुंदर दिसायचं. त्या अंगणात गुरुजी पावसाळ्यात घसरून पडले आणि त्यांचं मनगट मोडलं.

हाड जुळलं, पण गुरुजी अंगणात उतरायचे बंद झाले. हे मला त्यांच्या बायकोनं, कुसुमकाकूंनी सांगितलं. त्या दुकानात आल्या तेव्हा मला वाटलं काही घ्यायला आल्या असतील. त्यांनी विचारलं, टाइलला टाचे मारून खरबरीत करता येतं का? मी म्हटलं, टाइल फुटेल. मग त्यांनी सगळं सांगितलं. नितीननं ठरवलं होतं की दिवाळीनंतर दोघांना पुण्याला न्यायचं. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. काकू म्हणाल्या, "पोराचं चुकीचं न्हाय, भाभी. आमच्या काळजीनं त्याला तिथं झोप येत न्हाय. पन हे दारात खुर्ची टाकून बसत्यात आन् उंबऱ्याच्या पुढं पाय टाकत न्हायत. पुण्याला नेलं तर हे खुर्चीतनं उठायचेच न्हायत."

दुसऱ्या दिवशी मी आणि मिस्त्री त्यांच्या घरी गेलो. घर साधं, स्लॅबचं, गुरुजींनी नोकरीत असताना बांधलेलं. पुढं मोठं अंगण. मिस्त्रींनी बादलीभर पाणी फाटकापाशी ओतलं. पाणी रस्त्याकडं जायचं ते वळलं आणि सावकाश घराकडं यायला लागलं. ढाळच उलटा होता. पायरीपाशी येऊन ते थांबलं. तिथं टाइलच्या सांध्यात हिरवं शेवाळ धरलं होतं. गुरुजी नेमके तिथंच पडले होते.

गुरुजी दारातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. "याकूब, पाणी पायरीशी आलं ना?" त्यांनी विचारलं. मिस्त्री चकित झाले. गुरुजींनी सांगितलं की धार पडायचा आवाज फाटकापाशी झाला आणि आता पायरीखाली चिळचिळ होतीय, एवढं तर कुणालाही कळेल. मग ते म्हणाले, "सीताफळाच्या कोपऱ्यात पूर्वी कधी पाणी थांबायचं नाही. कितीही पाऊस पडो, तिथं लगेच वाळायचं." काकूंनीही मान डोलावली. आम्ही ते ऐकून घेतलं, पण तेव्हा त्याचा फारसा विचार केला नाही.

नितीनला फोन लावला. टाइल काढायची हे त्याला पटलं नाही. त्याचं म्हणणं, आजार एक आणि औषध भलतंच. बाबांना दिसत नाही, ते फरशी बदलून कसं दिसेल? त्याचं बोलणं खोटं नव्हतं. गुरुजींनी फोन मागून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "नितीन, दिवाळीपर्यंत मला एकदा चालून बघू दे. जमलं नाही तर मी स्वतः पिशवी भरतो. तुला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही."

मग नितीन हो म्हणाला.

आता फरशी निवडायची होती. आजवर मी शेकडो लोकांना फरशी दाखवली, पण न बघणाऱ्या माणसाला ती दाखवायची कशी? मिस्त्रींनी गुरुजींना मोटारसायकलवर मागं बसवून दुकानात आणलं. मी आवारात सगळ्या प्रकारांचे तुकडे जमिनीवर एका ओळीत मांडून ठेवले होते. गुरुजींनी चपला काढल्या, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालायला लागले.

पॉलिश केलेल्या शहाबादीवर पाय ठेवताच त्यांनी मागं घेतला. खरबरीत शहाबादीवर ते थांबले, टाच दाबली, बोटं पसरली. गट्टूंवर चालताना म्हणाले, याच्या कडा मोजता येतात. चोपलेल्या कचेवर त्यांनी पाय घासला आणि आवाज ऐकला. मग म्हणाले, सगळ्यांवर पाणी टाका. मी झारीनं पाणी टाकलं. ते पुन्हा पहिल्यापासून चालले. गट्टूंची एक जात ओली झाल्यावर निसरडी लागली, ती त्यांनी बाजूला काढायला लावली. मी ती वर्षानुवर्षं विकत होते आणि मला तिचा तो गुण माहीत नव्हता, कारण अनवाणी पायांनी, ओल्यावर, तिच्यावर कुणी मला चालून दाखवलंच नव्हतं.

"भाभी," ते म्हणाले, "मला एकच फरशी नको. एकसारखं अंगण म्हणजे मला नदीत सोडल्यासारखं आहे. कुठंय तेच कळणार नाही. दारापासून फाटकापर्यंत एक लागू दे. नळाकडं वळायचं तिथं दुसरी. आणि मी वाट सोडली तर पायाखाली लगेच तिसरं काहीतरी यायला पाहिजे."

मी मनातल्या मनात ढाळ मांडायला लागले. तीन प्रकार म्हणजे पाण्याची तीन गणितं. पण जसजसा विचार करत गेले तसतसं लक्षात आलं की त्यांना पायांसाठी जे हवंय तेच पाण्यालाही हवं आहे. मधली वाट खरबरीत शहाबादीची, सांध्यात सिमेंट न भरता कच भरलेली, दोन्ही अंगांना अगदी किंचित ढाळ. वाटेच्या दोन्ही बाजूंना चोपलेली कच, म्हणजे वाटेवरचं पाणी तिकडं उतरेल आणि मुरेल. नळापाशी गट्टू, कारण तिथं धुणं होणार आणि ते पाणी नालीनं काढून द्यावं लागणार. आणि फाटकाच्या आत काळ्या दगडाच्या छोट्या चिपांचा पट्टा, म्हणजे पुढं रस्ता आहे हे पायाला कळेल. कुठंही कड वर येऊ द्यायची नाही, सगळं एका पातळीत, कारण अर्धा इंच वर आलेला दगड त्यांना पुन्हा पाडू शकला असता.

मिस्त्रींनी ऐकलं आणि म्हणाले, "मोठं किचकट काम काढलंस बग." पण त्यांचा चेहरा खुलला होता. कंबर धरल्यापासून ते कामं दुसऱ्यांवर सोपवून फक्त बघायला जायचे. हे काम मात्र स्वतः करणार म्हणाले.

टाइल फोडली, खाली खणायला सुरुवात झाली. सीताफळाच्या कोपऱ्यात मिस्त्रींनी पहार मारली आणि ती जवळजवळ अख्खी आत गेली. त्यांनी पहार तिथंच सोडली आणि सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं. माती हळूहळू सरकून एक भोक पडलं. खालून थंड, कुबट वास आला. ते जुनं पेव होतं.

नव्या पिढीला पेव माहीत नसेल. पूर्वी ज्वारी साठवायला जमिनीत, टणक मुरमात, खोल खड्डा करायचे. तोंड माणूस जाईल एवढं लहान आणि आत पोट मोठं. गुरुजींनी ही जागा ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या आजा-पणजाच्या काळात ते केलेलं असणार. कुणीतरी वरचं तोंड बुजवलं आणि गाव विसरून गेलं. पाणी त्या कोपऱ्यात का थांबत नव्हतं ते आता कळलं.

गावभर बातमी झाली. लोक बघायला आले. कुणी म्हणालं धन सापडलं असेल, कुणी म्हणालं घर खचणार. मिस्त्रींनी कुणालाही आत उतरू दिलं नाही, कारण बंद पेवातली हवा माणसाला मारते. तोंड मोकळं करून भोवती काटेरी फांद्या लावल्या. मग दोरी घेऊन घराच्या भिंतीपासून अंतर मोजलं. पेव भिंतीपासून चांगलं लांब, फाटकाकडच्या कोपऱ्यात होतं. घराला धोका नव्हता. पण ही बातमी नितीनला शेजाऱ्याकडून कळली आणि ती कळताना पार बदलून गेली होती.

तो मिळेल ती गाडी पकडून आला. मी तेव्हा तिथंच होते. त्यानं त्या काळ्या भोकाकडं पाहिलं, मग दारातल्या वडलांकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो माझ्याकडं वळला. आवाज चढवला नाही.

"भाभी, तुम्ही फरशी विकता. उद्या दुसरं गिऱ्हाईक येईल. मला बाप एकच आहे."

मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. तो म्हणाला की हे भोक काँक्रीटनं भरून टाका आणि काम थांबवा, मी दोघांना घेऊन जातो.

मी त्याला एकच विनंती केली. म्हटलं, काँक्रीट भरायचंच असेल तर भरू, पण आधी त्यात पाणी ओतून बघू. कारण अंगणाचं पाणी कुठं सोडायचं हा प्रश्न आम्हाला सुटत नव्हता. बाहेरचा गल्लीतला रस्ता वर्षानुवर्षं वर थर चढवून अंगणापेक्षा उंच झाला होता, तिकडं पाणी जाणार नव्हतं. घराकडं तर येऊ द्यायचं नव्हतं. मग ते जाणार कुठं? हे पेव डबर आणि खडीनं भरलं तर तोच शोषखड्डा होईल. भरल्यावर ते खचणारही नाही आणि पाणीही पिईल.

नितीननं बोअर चालू केला आणि पाइप पेवात सोडला. बराच वेळ पाणी जात राहिलं. तो काठापासून लांब उभा राहून टॉर्चनं आत बघत होता. पाणी साचायचं आणि बघता बघता उतरायचं. संध्याकाळी त्यानं पुन्हा बघितलं तेव्हा तळ कोरडा होता. गुरुजी दारातून म्हणाले, "काय रे, गेलं का?" नितीन म्हणाला, "गेलं, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा तो बनियनवर, हातात घमेलं घेऊन डबर टाकत होता. त्यानं रजा वाढवली होती.

पेव वरपर्यंत दगडानं भरलं, मधूनमधून पाणी सोडून दगड बसू दिले. त्यावर खडी, खडीवर जाड कापड, म्हणजे वरची कच खाली झिरपू नये, आणि मग कच. सगळ्या अंगणाचा ढाळ त्या कोपऱ्याकडं दिला. मिस्त्री गुडघ्याखाली गोणपाट घेऊन एकेक शहाबादी लाकडी हातोड्यानं ठोकत होते, आणि गुरुजी खुर्चीतून आवाज ऐकून सांगायचे, "ही पोकळ वाजतेय." मिस्त्री ती उचलायचे, खाली कच भरायचे आणि पुन्हा बसवायचे. शाळेत गणित चुकल्यावर पुन्हा करायला लावायचे तसंच होतं ते, फक्त आता दोघंही हसत होते.

पहिल्यांदा चालायची वेळ आली तेव्हा फजिती झाली. नळाकडं जाणारी वाट आम्ही दिसायला छान म्हणून गोल वळवली होती. गुरुजी काठी टेकत दारातून निघाले, मधल्या वाटेवर व्यवस्थित चालले, आणि वळणावर गोंधळले. पाय कचेत गेला, परत वाटेवर आला, पुन्हा कचेत गेला. ते थांबले. नितीन पुढं धावला, तर त्यांनी हात वर करून त्याला अडवलं. मग म्हणाले, "याकूब, हे वळण कुणासाठी केलंय? बघणाऱ्यासाठी. मला काटकोन पाहिजे." मिस्त्रींनी तेवढा भाग उखडला आणि काटकोनात बसवला. पुढं मी बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या घरी वाटा सरळ करायला सांगितल्या, ते इथूनच शिकून.

नितीन पुण्याला परत गेला. जाताना मला म्हणाला, मोठा पाऊस पडला की मला कळवा, चांगलं असो की वाईट.

तो पाऊस परतीचा होता. दुपारी आभाळ भरून आलं आणि असा कोसळला की आमच्या दुकानातला कचेचा ढीग अर्धा वाहून गेला. मला कचेची काळजी नव्हती. पाऊस थोडा उतरल्यावर मी आणि मिस्त्री निघालो. रस्त्यावर पाणीच पाणी होतं. गुरुजींच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा मला आत बघायचं धाडस होईना.

अंगणात पाणी नव्हतं. कच ओली होती, शहाबादी धुऊन निघाली होती, आणि सीताफळाच्या कोपऱ्याकडं बारीक ओघळ जाऊन नाहीसे होत होते. पायरी कोरडी होती. काकू पदर डोक्यावर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बोटानं दाखवलं. गुरुजी काठी न घेता, मोकळ्या पायांनी, वाटेच्या मधोमध उभे होते, अंगावर शेवटचे थेंब घेत. त्यांना आमची चाहूल लागली. म्हणाले, "या, भाभी. या, याकूब. चपला काढून या. फरशी काय म्हणतेय बघा."

मिस्त्रींनी चपला काढल्या. मीही काढल्या. ओली शहाबादी पायाला घट्ट धरून ठेवते, हे मी गिऱ्हाइकांना कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी माझ्या पायांना ते कळलं. काकूंनी नितीनला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन अंगणाकडं धरला. त्यानं सगळं अंगण बघून घेतलं. मग म्हणाला, "आई, फोन बाबांच्या पायांकडं धर." काकूंनी धरला. गुरुजी चालले, नळापर्यंत, काटकोनात वळून, आणि परत. दिवाळीला नितीनच गावी आला. पिशवी भरायचा विषय कुणी काढला नाही.

या धंद्यात मला एका गोष्टीची खंत आहे. बहुतेक लोक अजूनही सगळं अंगण सिमेंटनं झाकतात आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडतात. किती जणांना सांगितलं, ऐकलं थोड्यांनीच. मिस्त्रींची कंबरही आता साथ देत नाही, ते काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं शेवटचं मोठं काम ठरलं. पण ते ज्याला त्याला सांगतात की शेवटी गुरुजींनी मला पास केलं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी मी दुकानाचं कुलूप काढत होते. मागून काठीचा आवाज आला. वळून बघते तर गुरुजी. एकटे. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला आणि आमचं दुकान मोठ्या रस्त्याच्या पलीकडं. मी त्यांना हाताला धरून बसवलं आणि विचारलं, काकूंना सांगितलंय का? ते म्हणाले, सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं का? कसे आलात, विचारलं तर म्हणाले की गल्लीत एका कडेनं नालीचा आवाज धरून आलो, आणि रस्ता ओलांडायला दूधवाल्यानं हात दिला. पायाला ठेच लागली होती, अंगठ्यातून रक्त येत होतं. मी पाणी आणलं, हळद लावली. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"गल्लीतल्या सगळ्या घरांशी बोललोय," ते म्हणाले. "अशीच वाट गल्लीत करायला दोन घरं सोडून सगळे तयार आहेत, त्या दोघांचंही मी बघतो. अंगण चालून संपलं, भाभी. आता गल्लीचं बोला."

मिस्त्री आतून आले. गुरुजींना बघून त्यांनी लगेच घरी सोडायला मोटारसायकल बाहेर काढली. गुरुजी उठून उभे राहिले, काठी सरळ केली आणि म्हणाले, "ती राहू दे, याकूब. चालत जाऊ. जाता जाता गल्ली बघून घेता येईल तुम्हाला."

मी कुलूप पुन्हा लावलं आणि आम्ही तिघं चालत निघालो.